गिझरचे बटण : निवड आणि जागा

गिझरचे बटण चालू करणारा एक असतो, त्या गरम पाण्याने आंघोळ करणारा दुसरा असतो आणि ते चालू राहिले म्हणून बोलणी खाणारा तिसराच असतो. दिव्याचे बटण दाबले की उजेड पडतो, पंख्याचे दाबले की वारा येतो. गिझरचे बटण दाबल्यावर मात्र डोळ्यांदेखत काहीच घडत नाही. जे घडते ते वीसेक मिनिटांनी, आणि तेही बंद दाराआड. एवढ्या अवधीत माणूस पेपर उघडतो, चहा घेतो, आणि बटण विसरतो.

वास्तविक या बटणाचे मूळ काम तोडण्याचे आहे. गिझरचा आणि घरातल्या विजेचा संबंध पुरता तुटावा आणि मिस्त्रीला झाकण उघडून निर्धास्तपणे आत हात घालता यावा, यासाठी ते असते. पाणी तापले की वीज थांबवण्याचे काम आतल्या थर्मोस्टॅटचे. तो नापास झालाच तर थर्मल कटआउट, आणि त्यानेही दगा दिला तर टाकीतला दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, अशी तीन पहारेकऱ्यांची सोय कारखान्यातूनच येते. मराठी घरात या तिघांवर कोणाचाही विश्वास नाही. तिथे चौथा पहारेकरी नेमलेला असतो, बहुधा आजी. ‘पाणी तापलं, बंद करा रे’ ही तिची सूचना थर्मोस्टॅटच्या आधी येते आणि व्हॉल्व्हपेक्षा जास्त दाबाने येते. परिणामी वर्षाकाठी एकदा दुरुस्तीच्या वेळी लागणारे बटण दिवसातून चार वेळा खालीवर होते. म्हणूनच ते कसले घ्यावे आणि कुठे बसवावे, याचा विचार करावा लागतो.

गिझरच्या आधी तांब्याचा बंब होता. बंबाला बटण नव्हते. लाकडे, गोवऱ्या, करवंट्या जे हाती लागेल ते मधल्या नळकांड्यात घालून तो पेटवायचा, आणि जळण संपले की तो आपोआप बंद. जितके गरम पाणी काढले तितके थंड वरून ओतायचे, हा त्याचा एकमेव नियम; तो मोडणाऱ्याचे नाव पुढच्या माणसाला लगेच कळत असे. बंब धुराने डोळे चुरचुरवत असे, पण तो चालू आहे की बंद, याविषयी घरात दुमत होण्याची सोय नव्हती.

निवडीचे गणित सोपे आहे, तरी ते करताना कोणी दिसत नाही. टाकीचा घरगुती गिझर साधारण २००० वॅटचा असतो. २३० व्होल्टला तो सुमारे ८.७ अँपिअर वीज ओढतो. ३००० वॅटचा १३ अँपिअर ओढतो. तीन लिटरचे ‘इन्स्टंट’ गिझर दिसायला इवलेसे असले तरी बहुधा याच ३००० वॅटच्या घराण्यातले. काही तर ४५०० वॅटचे, म्हणजे जवळजवळ २० अँपिअरचे. घरातला साधा पॉइंट ६ अँपिअरचा असतो. मोबाइल, मिक्सर आणि देवघरातली माळ एवढा संसार तो सांभाळतो. गिझर त्याच्या कुवतीबाहेरचा. गिझरला १६ अँपिअरचा, म्हणजे जाड पिनांचा पॉवर पॉइंट लागतो. जुन्या लोकांच्या तोंडी त्याचे नाव अजून ‘पंधरा अँपिअर’ आहे, आणि दुकानदारालाही तेच समजते.

जाड पिन बारीक भोकात जात नाही, ही निसर्गाने केलेली व्यवस्था समजावी. माणसाने तिच्यावर उपाय म्हणून कन्व्हर्टर नावाची पांढरी डबी काढली. एका अंगाला मोठी भोके, दुसऱ्या अंगाला बारीक पिना. या डबीच्या आधाराने भाड्याच्या खोल्यांतून कित्येक गिझर ६ अँपिअरच्या बोर्डावर टांगलेले असतात. काही दिवसांनी डबीचा पांढरा रंग बदामी होतो, मग तपकिरी. घरमालक त्याला जुनेपणा म्हणतो. तो जुनेपणा नसतो. सैल पडलेल्या पिनेपाशी एक दशांश ओहमचा अडथळा आला, तरी १३ अँपिअरच्या प्रवाहाने तिथे सतरा वॅट उष्णता तयार होते. म्हणजे नखाएवढ्या जागेत लहानसे सोल्डरिंग आयर्न तापत ठेवल्यासारखेच. घरात दोन ठिकाणी पाणी तापवण्याची सोय असू शकते. भिंत तापवण्याची गरज नसते.

तेव्हा पहिली गोष्ट, बटण २० अँपिअरचे घ्यावे. मोठ्या इन्स्टंट गिझरला २५ किंवा ३२ चे. दुसरी आणि खरी महत्त्वाची गोष्ट, ते डीपी असावे. डीपी म्हणजे डबल पोल : एका खटक्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारे. साधे बटण एकच वायर तोडते, आणि वायरमनने घाईत उलटी जोडणी केली असेल तर ती एक वायर नेमकी न्यूट्रल असते. मग बटण बंद, दिवा बंद, घरातली मंडळी निश्चिंत, आणि कॉइलमध्ये फेज तसाच ताटकळत उभा.

जोडणी बरोबर असली तरी साध्या बटणाची एक खोड राहतेच, आणि ती भल्याभल्यांना चकवते. कॉइल जुनी होऊन तिच्या आवरणातून पाणी झिरपले, की न्यूट्रलचा अर्थिंगशी चोरटा संबंध जुळतो. गिझर बंद असतो. पण न्यूट्रल जोडलेलाच असतो. इकडे स्वयंपाकघरात चटणीसाठी मिक्सर लावला जातो. मिक्सरमधून परतणारी वीज न्यूट्रलने येता येता थोडी या चोरवाटेने अर्थिंगमध्ये सटकते. जाणारी आणि येणारी वीज यांचा हिशेब ३० मिलिअँपिअरच्या आसपास चुकला की गळती पकडणारी आरसीसीबी ट्रिप होते आणि घर अंधारात जाते. दोष अर्थातच मिक्सरचा ठरतो. मिक्सर दुरुस्तीला जातो, त्यात काही न सापडल्याबद्दल पैसे देऊन परत येतो, पुन्हा लावला की पुन्हा अंधार. मग लग्नात मिक्सर कोणाच्या माहेरून आला होता, इथपर्यंत चौकशी पोहोचते. बाथरूममधल्या गिझरकडे कोणाची नजर जात नाही, कारण तो बंद आहे. डीपी बटण असते तर न्यूट्रलही तुटला असता आणि दोन घराण्यांचे संबंध शाबूत राहिले असते.

बटणावरचा लाल दिवा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय. डीपी बटणाच्या अंगातच जो दिवा असतो तो गिझर चालू केल्यावर लागतो, इतपत ठीक. परंतु पुष्कळ बोर्डांवर शेजारी एक वेगळा इंडिकेटरही बसवलेला असतो. बोर्डापर्यंत वीज आली आहे, एवढेच तो सांगतो, आणि तेही रात्रंदिवस. घरच्यांना हे अंगवळणी पडलेले असते. पाहुणे आले की घोटाळा होतो. लाल दिवा पाहून मामा बिचारे सद्भावनेने बटण दाबतात, आणि बंद असलेला गिझर चालू करून समाधानाने झोपायला जातात. याच्या उलट, दिवा जुना होऊन आधी फडफडतो आणि मग विझतो, तेव्हा गिझर चालू असूनही बंद दिसू लागतो. दिवा विझला म्हणून वीज गेली, असे मिस्त्रीने कधीच समजू नये. त्याने टेस्टर लावावा. आणि टेस्टरमधला दिवाही बटणावरच्यासारखाच निऑनचा असल्याने, आधी तो चालू पॉइंटवर तपासून घ्यावा.

दिशेचाही प्रश्न आहे. आपल्याकडे भिंतीवरचे बटण खाली दाबले की चालू. त्याच घरातली एमसीबी मात्र वर केली की चालू. त्यामुळे फोनवरून ‘ते खाली आहे का वर?’ असे विचारून माहिती मिळत नाही, फक्त गोंधळात भर पडते. काही घरांत वेगळे बटण न घेता एमसीबीच रोज खालीवर करण्याची काटकसर चालते. एमसीबी संकटकाळी पडण्यासाठी असते. तिला रोज सकाळी पाडले की खऱ्या संकटाच्या वेळी तिच्यात जीव उरला असेलच असे नाही.

वायर २.५ चौरस मिलिमीटरची, मोठ्या गिझरला ४ ची, आणि बोर्डापासून गिझरपर्यंत अखंड. वायरमन तिला ‘अडीच’ आणि ‘चार’ म्हणतात. ‘दीडमध्ये पण होऊन जाईल’ असे म्हणणारा वायरमन भेटला, तर त्याला चहा देऊन निरोप द्यावा.

आता जागा. निवडीला गणित तरी आहे. जागेला फक्त मतभेद.

बाथरूमच्या आत बटण नको, हे सगळ्यांना मान्य असते आणि तरी जुन्या इमारतींत ते आतच असते. ओला हात आणि वीज यांचे नाते सांगायला नको. शिवाय वाफेने आतले पत्रे गंजतात आणि बटण दाबताना चरचर आवाज येऊ लागतो. आंतरराष्ट्रीय नियमावलीने यासाठी न्हाणीघराचे विभाग पाडले आहेत. तळाला ओटा किंवा ट्रे नसलेला शॉवर असेल, तर त्याच्या पक्क्या तोंडापासून १.२ मीटरपर्यंतचा आणि जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग हा ओला मुलूख. तिथे साध्या बटणाला मज्जाव. नियम उत्तम आहे. आपल्याकडच्या चार बाय सहा फुटांच्या बाथरूमला तो लावून पाहिला, की चार फूट म्हणजेच १.२ मीटर हे ध्यानात येते, आणि बटणासाठी एका कोपऱ्यातली एखादी फरशी उरते. तीवर पायपुसणे असते. यात नियम करणाऱ्यांनी पाणी शॉवरच्या तोंडातूनच पडणार, असे गृहीत धरले आहे. बादली-तांब्याने आंघोळ करणाऱ्याचे पाणी कुठवर जाईल, हे तांब्याच्या आकारावर, मनःस्थितीवर आणि साबण डोळ्यांत गेला आहे की नाही यावर अवलंबून असते. पाण्याचे शिंतोडे छतावरही सापडतात.

इंग्लंडमध्ये हाच पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवलेला आढळतो. तिथल्या इलेक्ट्रिक शॉवरला टाकी नसते. वाहते पाणी जागच्या जागी तापते, आणि त्यासाठी तो साडेसात ते साडेदहा किलोवॅट वीज घेतो. म्हणजे आपले चार-पाच गिझर एकदम. त्याला ४५ किंवा ५० अँपिअरचे डीपी बटण लागते आणि ते बाथरूमच्या छताला चिकटवलेले असते. खाली लोंबते ती दोरी. दोरी ओढली की चालू, पुन्हा ओढली की बंद, ओल्या हाताचा विजेशी संबंध नाही. शेजारी दिव्याचीही तशीच दोरी. पुण्या-नाशिकहून नव्याने गेलेला मराठी माणूस पहिल्या सकाळी शॉवरच्या डबीवरची सगळी बटणे फिरवून पाहतो, थंडगार पाण्याने कुडकुडतो, आणि देवळातल्या घंटेची असावी तशी ती दोरी ओढून पाहण्याचे त्याला सगळ्यात शेवटी सुचते. आठवड्याभरात तो सरावतो आणि आंघोळ झाली की दोरी ओढून बंद करू लागतो. तिथल्या घरमालकाला याचे नवल वाटते, कारण त्या शॉवरमध्ये पाणी वाहत नसताना काही तापतच नाही. सवय मात्र बंदच करते.

आपल्याकडे दोरी रुळली नाही, त्यामुळे बटण बाहेर आले. आणि बाहेर आल्याबरोबर त्याची सत्ता आंघोळ करणाऱ्याच्या हातातून गेली. आतला माणूस डोक्याला साबण लावून उभा, बाहेरचा येता-जाता लाल दिवा पाहतो आणि नागरिकाचे कर्तव्य म्हणून बंद करतो. आतून ‘अगं, चालू राहू दे’ अशी हाक येते. बाहेर कुकरची शिट्टी होते. सुरक्षिततेच्या दृष्टीने आंघोळीआधी बंद करणे हेच योग्य, त्यामुळे बंद करणाऱ्याला दोषही देता येत नाही. टाकीचा गिझर असेल तर आतल्याचे काही बिघडत नाही. तीन लिटरचा असेल तर त्याची पुढची आंघोळ अध्यात्मात मोडते.

बाहेर म्हणजे नेमके कुठे, यावर बिल्डर, वायरमन आणि इंटीरियरवाला असे तिघे आळीपाळीने मत देतात. बिल्डर बटण दाराच्या बिजागरीच्या बाजूला देतो, म्हणजे दार बाहेर उघडणारे असेल तर उघडल्यावर ते दाराआड जाते. वायरमन ते जिथे पाइप आधीच गेला आहे तिथे देतो, आणि तो पाइप बहुधा बेसिनवर गेलेला असतो. इंटीरियरवाला सर्वात शेवटी येऊन त्यावर कपाट उभे करतो. मग प्लायला चौकोनी भोक पाडले जाते. साड्यांचा गठ्ठा बाजूला सारून, कोपरापर्यंत हात घालून, बोटांनी चाचपत गिझर लावायचा. अशा घरात गिझर फार वेळ चालू राहत असेल, तर त्याचे कारण आळस नव्हे, भूगोल आहे. जिथे कपाट आले नाही तिथे दिनदर्शिका येते. बोर्डाच्या वर खिळा असतो, खिळा रिकामा राहत नाही. गिझर चालू असला की लाल दिवा कागदाआडून झळकतो आणि साध्या मंगळवारी सुट्टी असल्याचा भास होतो.

उत्तम जागा खरे तर एकच आहे. दाराबाहेर, कडीच्या बाजूला, चौकटीपासून वीतभर अंतरावर, घराच्या मुख्य दाराकडे जाताना नजरेस पडेल अशी. उंची चार ते साडेचार फूट. त्याहून वर दिले तर आजींना स्टूल घ्यावे लागते, आणि ओल्या फरशीवर स्टुलावर उभी असलेली आजी हा विजेपेक्षा मोठा धोका. फार खाली दिले तर दोन वर्षांचे मूल ते दिवसभर वाजवते. बेसिनच्या तोंडावर मात्र नको, कारण दात घासणारा माणूस आरशात पाहतो, शिंतोड्यांकडे पाहत नाही.

शेजारही पाहून घ्यावा. गिझरचे बटण दिवा आणि एक्झॉस्टच्या बटणांबरोबर एका रांगेत बसवले, की अंधारात चाचपणारा माणूस तिन्ही दाबून पाहतो आणि बाहेर येताना दोनच बंद करतो. वेगळ्या डबीत, आकाराने थोराड असे ते असावे. रांगेतच असेल तर त्यावर लिहावे. बहुतेक घरांत पांढऱ्या चिकटपट्टीच्या तुकड्यावर बॉलपेनने ‘गि’ एवढेच लिहिलेले आढळते. उरलेली अक्षरे वाफेने गेली.

वापराचा कस लागतो तो नरकचतुर्दशीच्या पहाटे. १५ लिटरची टाकी २००० वॅटवर २० अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापायला एकवीस मिनिटे लागतात आणि त्यात साधारण ०.७ युनिट वीज जाते. ६० अंशांच्या १५ लिटरमध्ये तेवढेच थंड मिसळले की ४० अंशांचे ३० लिटर, म्हणजे दोन बादल्या. घरात सहा माणसे असतील तर तीन वेळा टाकी तापायला हवी. एक तास आणि वर थोडे. उटणे लावून ओळीने बसलेल्या मंडळींना हे गणित पटत नाही. सूर्योदयाआधी आंघोळ झाली नाही तर नरकात जावे लागते, असे कोणीतरी बजावते, आणि दर दोन बादल्यांमागे कोणीतरी शिस्तीने बटण बंद करते. चौथ्या क्रमांकाच्या माणसाला कोमट पाण्यात बसून फटाके ऐकावे लागतात.

यात आणखी एक गंमत आहे. गिझरवर जे तारे छापलेले असतात, ते मुळात तापलेले पाणी टाकीत नुसते ठेवले असता चोवीस तासांत किती वीज गळते, यावर दिलेले असतात. पाच तारे म्हणजे गळती कमी. ग्राहक जास्त पैसे मोजून पाच तारेवाला आणतो आणि घरी एकही तास चालू ठेवत नाही.

गिझर चालू राहिल्याची शंका घरात कधीच येत नाही. मुंबईहून निघालेल्या कुटुंबाला ती खालापूरच्या टोलनाक्याच्या आसपास येते. ‘अहो, गिझर बंद केलात ना?’ ‘शेवटी तू निघालीस ना?’ पुढचे दहा किलोमीटर गाडीत रेडिओ ऐकू येतो. यावर टायमर हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे : ठरावीक मिनिटांनी तो आपण होऊन बंद करतो. फक्त तोही १६ अँपिअरचा हवा. माशांच्या टाकीसाठी आणलेला टायमर चालत नाही. अलीकडे मोबाइलवरून चालणारे स्मार्ट प्लग निघाले आहेत. टोलनाक्यावरूनच फोन काढून गिझर बंद करता येतो. फोन उघडल्यावर ‘उपकरण जोडलेले नाही’ असा निरोप येतो, कारण निघताना कोणीतरी खबरदारी म्हणून मेन स्विच पाडलेला असतो आणि त्याबरोबर वायफायही गेलेले असते. गिझर अर्थातच बंद असतो. फ्रिजही बंद असतो, तेव्हा त्यातल्या दह्याचे काय, एवढाच विषय मग उरतो.